कोरड्या मुरमावर पुढचं चाक निसटतं: हवा किती ठेवू, रिम किती रुंद घेऊ?

हार्डटेल_इंदूर

जानापावच्या उतारांवर आणि सिमरोल–चोरलकडच्या कच्च्या वाटांवर चालवतो. वळणात पुढचं चाक बाहेर सरकतं आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं जागीच फिरतं. जमीन इथल्या लोकांना माहीतच आहे: खाली टणक काळा दगड, वर सुटा मुरूम, मधूनमधून काळी माती.

सायकल अॅल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २९ इंची चाकं, डिस्क ब्रेक. टायर मूळचेच, २९ × २.२५, तारेच्या बीडचे (बीड म्हणजे रिममध्ये अडकणारी टायरची कड), आत ट्यूब. रिमवर ६२२ × १९ असं छापलंय. माझं वजन ७४ किलो, सायकल १४ किलो, पाणी आणि हत्यारं मिळून आणखी ३. दोन्ही चाकांत हवा ४० पीएसआय. टायरवर कमाल ६५ लिहिलंय, म्हणून ४० हे कमीच असेल असा अंदाज.

विचारायचं हे की, १) हवा नक्की किती ठेवावी, पुढे-मागे सारखीच का? २) याच रिमवर २.४ चा टायर चढवला तर पकड सुधारेल का? ३) रिम बदलायचीच झाली तर आतून २५ मिमी घ्यावी की ३०?

आऊट_आणि_स्पोक

भाऊ, रिमचे पैसे आत्ता काढू नका. आधी गेज, मग हवा, मग पुढचा टायर, आणि रिम सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरीवर काय बदललं ते कळेल. सगळं एकदम बदललं तर काहीच कळणार नाही.

६५ हा आकडा टायर रिमवरून उडू नये म्हणून छापलेला असतो. ती वरची हद्द, पकडीशी तिचा संबंध नाही. रिमचीही अशी हद्द असते आणि दोन्हींतली जी कमी असेल ती पाळायची.

आता ४० का जास्त ते बघा. एकूण वजन ९१ किलो. बसून सपाटीवर चालवताना त्यातलं अंदाजे ६० टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे ५५ किलो. ४० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो. ५५ ला २.८ ने भागा: टायर जमिनीला जेमतेम २० चौरस सेंटिमीटर टेकतोय. हवा २८ वर आणली की तोच ठसा २८ चौरस सेंटिमीटर होतो. टायरच्या भिंतीचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे आकडे अगदी नेमके येणार नाहीत, पण कल हाच राहतो.

आणि ठसा मोठा होणं हा अर्धाच भाग झाला. मुरमातल्या खड्यावर कडक टायर उचलला जातो आणि तेवढा वेळ चाक हवेत असतं. मऊ टायर तो खडा पोटात घेतो, आजूबाजूचे नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) जमिनीला टेकलेलेच राहतात. वळणात चाक निसटतं ते बऱ्याचदा अशा उचललं जाण्याच्या क्षणी. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसल्याने मागच्या टायरवर हे काम जास्त पडतं.

सुरुवातीसाठी, ट्यूब आणि १९ च्या रिमवर २.२५ धरून: पुढे २७, मागे ३०. पुढे-मागे सारखी हवा ठेवायचं काहीच कारण नाही, वजनच सारखं नाही. तिथून एकेक पीएसआय उतरा. ट्यूब असेपर्यंत तुमच्या वजनाला पुढे २४ आणि मागे २७ च्या खाली जाऊ नका. खाली गेलात की दोन गोष्टी होतात. दगडाच्या धारेवर ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेपते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. दुसरं, जोरात ब्रेक लावला की टायर रिमवर थोडा फिरतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटते. ते पंक्चर चिकटवता येत नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसू लागला की ट्यूब सरळ करून घ्या आणि हवा २ ने वाढवा.

गेजबद्दल. उभ्या पंपाची तबकडी बहुधा १६० पर्यंत असते, २० आणि ३० मध्ये काटा नावालाच हलतो. अशा तबकडीवर २६ की २९ हे ठरवता येत नाही, आणि इथे तर एका पीएसआयचा फरक जाणवतो. डिजिटल किंवा ० ते ६० ची तबकडी असलेलं वेगळं गेज घ्या आणि कायम तेच वापरा. ते खऱ्या आकड्यापेक्षा एक-दोन इकडेतिकडे दाखवत असेल तरी चालेल, रोज सारखंच दाखवलं म्हणजे झालं. पंपाचं तोंड काढताना फस्स होतं ती हवा बहुतेक नळीतली असते, टायरमधली नाही, त्यामुळे त्यासाठी जास्तीची भरून ठेवू नका.

कोरडी_माती

वरच्या आकड्यांशी सहमत. ते जमिनीवर कसे जुळवायचे ते लिहिते.

दोन-तीनशे मीटरचा एकच तुकडा निवडा. त्यात एक सुट्या मुरमाचं वळण, एक धारदार दगड आणि एक ब्रेक लावायची जागा हवी. पुढे २७, मागे ३० ने सुरू करा आणि प्रत्येक फेरीनंतर फक्त एका चाकाची हवा बदला. पहिल्यांदा २ ने उतरवा, फरक जाणवायला लागला की १ ने.

हवा जास्त असल्याची खूण: हँडल हातात थरथरतं, ब्रेक लावल्यावर मागचं चाक टणाटण उडतं, वळणात पुढचं चाक पूर्वसूचना न देता एकदम सुटतं. हवा कमी असल्याची खूण वेगळी असते. वळणात हँडल वळवल्यावर सायकल किंचित उशिरा वळते, टायर रिमच्या खाली एका बाजूला लोळल्यासारखा वाटतो, डांबरावर स्टिअरिंग जड होतं. दगडावर रिमचा धातूचा ठोका ऐकू येतो. ठोका आला तर थांबून रिमची कड बोटाने चाचपा. फेरीत एखादाच हलका ठोका असेल तर तुम्ही सीमेवर आहात, एक वाढवा. पुन्हापुन्हा येत असेल तर दोन-तीन वाढवा.

आणखी एक खूण फार उपयोगी आहे. फेरी झाली की टायरच्या खांद्याकडे बघा. वळणांतून जाऊनही बाजूच्या नॉबवर जुनी धूळ तशीच असेल तर टायर खांद्यापर्यंत टेकतच नाहीये: हवा जास्त आहे किंवा सायकल पुरेशी झुकवली जात नाहीये. उलट नॉबच्या वर, भिंतीच्या रबरावर घासल्याच्या रेघा असतील तर भिंत दुमडून जमिनीला लागतेय.

मागचं चाक चढावर फिरतं त्यात सगळा दोष हवेचा नसतो. मूळच्या टायरचे नॉब बुटके आणि जवळजवळ असतात, वरच्या सुट्या थरातून ते खालच्या टणक थरापर्यंत पोचत नाहीत. उभं राहिलं की वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं. बसून, पुढे वाकून, एक गिअर हलका करून चढा, मग हवा जुळवा. नाहीतर हवेकडून तुम्ही भलतीच अपेक्षा ठेवाल.

चोरल_घाट

मी सरळ सांगेन: ३० ची रिम, २.४ चा टायर, ट्यूबलेस. आपल्याकडच्या सुट्या मुरमाला याच्याइतकं चांगलं काही नाही. तुमच्या वजनाला पुढे १९, मागे २२ ने सुरुवात करता येईल. ट्यूबच नाही म्हटल्यावर चेपून पंक्चर व्हायचा प्रश्न बराचसा मिटतो, आणि बाभळीचे काटे नि सराटे यांची भोकं सीलंट (टायरमध्ये घालायचं भोकं बुजवणारं द्रव) बंद करतं. महू–मानपूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात ट्यूबवर फिरणं म्हणजे दर वेळी पॅचचा डबा उघडणं.

१९ च्या रिमवर २.४ मात्र चढवू नका.

आऊट_आणि_स्पोक

घाटदादांचा सेटअप उत्तम आहे, पण तो प्रश्नकर्त्याच्या सायकलवर बसतो का ते आधी बघावं लागेल.

रिमची रुंदी नेहमी आतून मोजतात, दोन भिंतींच्या आतल्या कडांमधलं अंतर. बाहेरून मोजलं तर ५–६ मिमी जास्त भरतं आणि १९ ची रिम २५ ची वाटायला लागते. ६२२ × १९ मधला १९ हा आतलाच आकडा. ज्यांच्या रिमवर काही छापलेलं नाही त्यांनी टायर काढून व्हर्नियर लावावा, सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा प्लास्टिकचा पुरतो.

१९ वर २.४ का नको. २.४ म्हणजे जवळजवळ ६१ मिमी रुंदी, तिचे दोन्ही पाय १९ मिमीत कोंबले जातात. टायर विजेच्या बल्बसारखा वर फुगतो आणि खाली चिमटतो. वळणात बाजूचा जोर आला की नॉब जमिनीला धरून राहतात आणि रिम त्यांच्यावरून बाजूला सरकते. हे लोळणं थांबवायला हवा वाढवावी लागते, आणि हवा वाढवली की रुंद टायर घेतल्याचा फायदाच गेला. रुंद रिमचा खरा उपयोग हा आहे: ती भिंतीला दोन्ही बाजूंनी आधार देते, म्हणून कमी हवेतही टायर उभा राहतो. रिम स्वतः पकड देत नाही, ती कमी हवा ठेवण्याची मुभा देते.

उलट टोकही वाईट. ३५ च्या रिमवर २.२५ चढवला तर टायर माथ्यावर चपटा होतो आणि बाजूचे नॉब वर उचलल्यासारखे न राहता माथ्याच्या ओळीत येतात. सायकल झुकवली की काठावरून एकदम पलीकडे पडल्यासारखं होतं. भिंतही नॉबच्या बाहेर डोकावते आणि बेसाल्टच्या धारेने कापली जाते.

जोड्या साधारण अशा धरा. १९–२१ वर २.०–२.२५. २५ वर २.२५–२.४. ३० वर २.३५–२.६. ३५ वर २.५–२.८. मॅक्सिसच्या टायरवर 'डब्ल्यूटी' असेल तर तो ३०–३५ च्या रिमसाठी घडवलेला आहे, २५ वर त्याचा आकार बराच गोल होतो.

टायर रुंद केला की हवा कमी करायची, नाहीतर तो आधीच्यापेक्षा कडक वाटेल. भिंतीवरचा ताण दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकाराने वाढतो. २.२५ वरून २.४ वर जाताना रुंदी साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढते, हवाही तेवढीच उतरवा: २८ ची २६.

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी मोजून सांगाव्यात. फोर्कच्या पायांमध्ये आणि मागच्या चेनस्टेमध्ये (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्या) टायरच्या दोन्ही बाजूंना किती मिमी मोकळं आहे. हब (चाकाचा मधला भाग) क्विक रिलीजचे, म्हणजे खटका उघडून निघणारे, आहेत की थ्रू अॅक्सलचे, म्हणजे आरपार जाड दांड्याचे. स्पोक किती.

हार्डटेल_इंदूर

मोजलं. फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना ११ मिमी, चेनस्टेला अरुंद जागी ६ मिमी. हब क्विक रिलीज, रुंदी पुढे १०० मिमी, मागे १३५. स्पोक ३२–३२. फोर्कवर कमाल टायर २.४ लिहिलंय.

डिजिटल गेजने बघितलं तर पंपावरचे ४० प्रत्यक्षात ४४ निघाले. पुढे २६, मागे २९ वर आणल्यावर थरथर गेली, वळणात पकड स्पष्ट वाढली. अगदी सुट्या मुरमात मात्र पुढचं अजून थोडं सरकतं.

आऊट_आणि_स्पोक

मग फक्त पुढचं चाक बदला.

आतून रिम १ मिमी रुंद झाली की टायर सुमारे ०.४ मिमी रुंद होतो. मागे १९ ची २५ केली तर तोच २.२५ टायर २.४ मिमीने फुगेल, म्हणजे दर बाजूला १.२. तुमचे ६ मिमी ५ च्या खाली येतील. स्पोक थोडे सैल झाले किंवा चिखल अडकला की टायर फ्रेम घासू लागेल, आणि अॅल्युमिनियमची चेनस्टे घासून पातळ होते. मागचं आहे तसंच राहू द्या. मूळचा टायर झिजला की जास्त मोकळ्या नॉबचा २.२५ घाला.

तसंही पुढच्या चाकाचं महत्त्व मोठं. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली.

३० ची तयार चाकं बाजारात मिळतात ती बहुतेक बूस्ट मापाची, पुढे ११० आणि मागे १४८ थ्रू अॅक्सल. १०० च्या क्विक रिलीज फोर्कमध्ये ती बसणार नाहीत, घेण्याआधी हबचं माप विचाराच. तुमच्या आहे त्या हबवर ३२ भोकांची, डिस्कसाठीची, ट्यूबलेस-रेडी २५ ची रिम बांधून घ्या. रिमचा प्रभावी व्यास, ज्याला ईआरडी म्हणतात (समोरासमोरच्या स्पोकची टोकं जिथे पोचायला हवीत त्यांच्यामधलं अंतर), बदलला की स्पोकची लांबी बदलते. जुने स्पोक बसतीलच असं धरू नका, नवी रिम हातात आल्यावर मोजून लांबी काढा. स्पोक लांब पडला तर निपलमधून (स्पोक रिमला धरणारा छोटा नट) वर येऊन रिमच्या आतल्या टेपला टोचतो, आखूड पडला तर निपलला पुरेसे आटे धरायला मिळत नाहीत आणि ते तुटतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा आऊट काढून घ्या (स्पोक ताणून चाक सरळ करून घ्या), नवे स्पोक बसताना थोडे सैल होतात.

त्यावर २.३५ चा, फोल्डिंग बीडचा, ट्यूबलेस-रेडी टायर. मधले नॉब मध्यम, बाजूचे उंच आणि सुटे असलेला. हवा २१ ने सुरू करा, १९ पर्यंत उतरून बघा. मागे ट्यूबसह २८–२९.

३० ऐवजी २५ का, तर २.३५ ला दोन्ही चालतात, पण पुढे कधी २.२५ चढवावा लागला तर २५ वर त्याचा आकार बिघडत नाही. २.४ च कायम वापरायचं ठरवलं असेल तर घाटदादांचा ३० चा सल्ला बरोबर आहे.

चोरल_घाट

पटलं. फोर्क २.४ पर्यंतचाच आहे, तर २५ आणि २.३५ सुरक्षित. ट्यूबलेस बसवताना लोक कुठे चुकतात तेवढं लिहितो.

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३–५ मिमी रुंद हवी, २५ च्या रिमला २८ किंवा ३० मिमीची. अरुंद टेपच्या कडेतून सीलंट आत शिरतं आणि स्पोकच्या भोकांतून बाहेर गळतं. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटांचा तेलकटपणा राहिला तर टेप उचलते. टेप ताणून लावा, टोकं १० सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. व्हॉल्व्हचं भोक कात्रीने कापू नका, कड फाटत जाते. तापवलेल्या खिळ्याने वितळवून करा, कड गोल आणि घट्ट राहते.

टायर चढवून बीडला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढून हवा मारली की ती जोराने आत जाते आणि बीड पट-पट आवाज करत जागेवर बसतो. साध्या पंपाने नाही बसला तर कॉम्प्रेसर लागतो, प्रेस्टा (सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हसाठी अडॅप्टर सोबत न्या. टायर आणि रिमवरची कमाल हवा ओलांडू नका. बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बसला. मग हवा सोडा, सिरिंजने व्हॉल्व्हमधून १०० ते १२० मिली सीलंट घाला, कोअर लावा, हवा भरा, चाक हलवा आणि दोन्ही कुशींवर पाच-दहा मिनिटं आडवं ठेवा.

मागचा तारेचा टायर आणि १९ ची साधी रिम टेप लावून ट्यूबलेस करायच्या भानगडीत पडू नका. त्या रिमला बीड अडकवून धरणारा उंचवटा नसतो. वळणात बीड क्षणभर सुटतो आणि भसकन हवा जाते.

कोरडी_माती

हवामानाचं राहिलं.

सकाळी २५ अंशाला पुढे २१ भरली, मग सायकल मे महिन्याच्या उन्हात उभी राहून टायरमधली हवा ५० अंशांवर गेली तर दाब जवळजवळ ३ पीएसआयने वाढतो. म्हणजे जुळवलेला आकडा हातचा गेला. सायकल सावलीत ठेवा आणि वाटेला लागण्याआधी तिथेच गेज लावा, घरी नाही. उंचीचा परिणाम त्यामानाने किरकोळ. ३०० मीटर वर गेलात तर गेजवर अर्धा पीएसआय जास्त, त्यासाठी काही करायला नको.

पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या बेसाल्टवर पुढे-मागे एक-दोन उतरवा. पण तिथे रबराचा मऊपणा हवेपेक्षा जास्त कामाला येतो. काळी माती ओली असताना मात्र कुठल्याच हवेने काही होत नाही. ती नॉबमध्ये गच्च भरते, चेनस्टेजवळ दाटते आणि चाक फिरायचं थांबतं. तुमच्या ६ मिमीच्या जागेत तर लगेच. त्या दिवसांत मुरमाच्या आणि दगडी वाटाच धरा, ओल्या मातीत उमटलेले चर सुकले की वाट सगळ्यांसाठीच खराब होते.

सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघा. चाक कानाजवळ धरून हलवलं आणि आत खळखळ ऐकू आली नाही तर ५०–६० मिली घाला. गेज लावल्यावर आकडा वरखाली होत असेल किंवा हवा आत जायला जोर लागत असेल तर कोअरमध्ये सीलंट गोठलेलं असतं. काढून पाण्यात धुवा, नाही निघालं तर बदला. कोअर स्वस्त असतात, दोन जास्तीचे आणि कोअर काढायची किल्ली हत्यारांच्या पिशवीत असू द्या. पुढे ट्यूबलेस केलंत तरी एक सुटी ट्यूब सोबत हवीच, भिंत कापली गेली तर सीलंटने ती बंद होत नाही. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून अडकलेले काटे काढा, सीलंटने बंद ठेवलेला प्रत्येक काटा नव्या ट्यूबला टोचेल.